तुम्हाला जुनं आवडतं की बघितलेलं?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात देते. वय 41, नोकरी करतात, घरी नवरा आणि 11 वर्षांचा मुलगा. गेली काही वर्षं त्यांना नवीन सिनेमे, नवीन सिरीज बघवतच नाहीत. लावतात, पंधरा-वीस मिनिटं बघतात, चिडचिड होते, बंद करतात आणि परत आपल्या ठरलेल्या जुन्या गोष्टींकडे जातात. म्हणजे शाळा-कॉलेजच्या दिवसांतल्या मालिका, तेव्हाचे सिनेमे, काहींचे तर संवाद पाठ आहेत. जुनं लावलं की बाजूला कपड्यांच्या घड्या घालता येतात, फोन बघता येतो, डोकं शांत होतं, असं त्या लिहितात. नव्याबद्दल तक्रारी म्हणजे सगळं पळतं, सगळं अंधारात असतं, लोक काय बोलतात ते ऐकू येत नाही. नवऱ्याला मात्र रोज नवीन लागतं, त्यामुळे तो टीव्हीसमोर आणि या दुसऱ्या खोलीत लॅपटॉप घेऊन. तो चेष्टेत म्हणतो, "तू म्हातारी झालीस." ऑफिसात सगळे एखाद्या सिरीजवर बोलायला लागले की या गप्प. मुलाला आपला लाडका सिनेमा दाखवायला बसवलं तर तो दहाव्या मिनिटाला उठून गेला, ते फार लागलंय. प्रश्न असा, "आता खरंच चांगलं बनत नाही का, की माझ्यातच काही बिघडलंय? जबरदस्तीने नवीन बघायची सवय लावून घेऊ का?"

*

तुमच्या पत्रात तुम्ही आवडत्या सिनेमांची आणि मालिकांची नावं दिली आहेत, मी ती इथे छापत नाहीये, पण ती वाचताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत येत होती. सगळी मिळून डझनभर नावं असतील आणि त्यातलं प्रत्येक तुम्ही आधी बघितलेलं आहे. एवढ्या मोठ्या पत्रात "परवा एक जुना सिनेमा पहिल्यांदाच बघितला आणि काय आवडला म्हणून सांगू" असं एकही वाक्य नाही. आता सिनेमा शंभरहून जास्त वर्षांचा आहे हो, जुन्यातलं तुम्ही न बघितलेलं केवढं तरी पडलंय, पण तिकडे तुमची पावलं वळलेली दिसत नाहीत. म्हणून मला असं वाटायला लागलंय की तुमचं भांडण नव्याशी नसून अनोळखीशी आहे. तुम्हाला जुनं आवडतं असं तुम्ही समजताय, मला वाटतं तुम्हाला बघितलेलं आवडतं. आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत.

चुकत असेन मी, पण तपासायला सोपं आहे. या आठवड्यात तुमच्या आवडत्या काळातला, म्हणजे 80-90 च्या दशकातला किंवा त्याच्याही आधीचा, नावाजलेला पण तुम्ही एकदाही न बघितलेला एक सिनेमा निवडा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सलग बघा. त्यात रमलात तर तुम्हाला त्या काळाची मांडणी, तो वेग, ती बोलण्याची पद्धत खरंच आवडते. आणि पंधराव्या मिनिटाला तीच चिडचिड झाली तर मग बिचाऱ्या नव्या सिनेमांना एकट्याने दोष देता येणार नाही, नाही का?

समजा दुसरं निघालं. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. ओळखीची गोष्ट नुसती ओळखीची आहे म्हणून जास्त आवडायला लागते हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्येच दाखवलेलं आहे. बरं, शेवट माहीत असला की मजा जाते असं आपण समजतो, तर 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या दोन संशोधकांनी लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला आणि ज्यांना शेवट माहीत होता त्यांना त्या कथा थोड्या जास्तच आवडल्या. पुढे काय होणार ही धास्ती नसली की माणूस बारकावे बघतो. दिवसभर ऑफिस, मग घर, मग मुलाचा अभ्यास, एवढं झाल्यावर रात्री साडेनऊला डोक्याला आणखी एक कोडं नको असतं, आठ नवी पात्रं, त्यांची नावं, कोण कोणाचा भाऊ, तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे सगळं लक्षात ठेवायचं म्हणजे कामच की. तुमचं जुनं तुमच्याकडून असं काही मागत नाही, अर्धं लक्ष दिलं तरी चालतं, तुम्हीच लिहिलंय की घड्या घालता येतात. मग घड्या घालताना तेच लावा, बिनधास्त लावा. फक्त त्या वेळात नवीन लावून ते "बघवत नाही" असा निकाल देऊ नका, कारण अर्ध्या लक्षात कुठलीच नवी गोष्ट बघवत नाही, तुमच्या लाडक्या मालिकेचा पहिला भागसुद्धा तुम्ही तेव्हा असा बघितला नव्हता.

आणि ती तेव्हा कधी बघितली होती हेही महत्त्वाचं आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला आयुष्यभर जास्त ठळक राहतात, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसलेलं आहे. गाण्यांच्या बाबतीत हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन संशोधकांचा 1989 चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांची सगळ्यात जास्त पसंती त्यांच्या साधारण चोविसाव्या वर्षाच्या आसपास आलेल्या गाण्यांना मिळाली. म्हणजे तुम्ही 41 च्या आहात म्हणून जुन्यात अडकलात असं काही नाही, नवऱ्याला सांगा की त्याचंही असं काहीतरी असणार, त्याची प्लेलिस्ट उघडून बघा एकदा.

आता तुमचा मूळ प्रश्न, चांगलं बनत नाही का. हा प्रश्न विचारताना आपण एक गफलत करतो, जुन्यातलं चाळून उरलेलं एका पारड्यात टाकतो आणि नव्यातला न चाळलेला सगळा ढीग दुसऱ्या. तुमच्या त्या डझनभर नावांच्या वर्षी आणखी शेकडो सिनेमे आले होते, टुकार, रडके, एकमेकांची नक्कल केलेले, ते आज कोणी लावत नाही म्हणून तुम्हाला आठवत नाहीत. आजच्या ढिगाचंही वीस वर्षांनी तेच होणार आहे. तुमचा मुलगा चाळिशीचा झाला की आजच्या काळातल्या त्याच्या डझनभर गोष्टी घेऊन बसेल आणि कोणाला तरी सांगेल की आता तसं बनत नाही.

पण ही चाळण फक्त गुणवत्तेची असते असंही समजू नका, इथे मला थोडं विषयांतर करू द्या. जे उरलं ते सगळं चांगलं म्हणून उरलं आणि जे गेलं ते वाईट म्हणून गेलं असं नाहीये. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 च्या अहवालात 1912 ते 1929 मधल्या जवळजवळ 11,000 अमेरिकन मूकपटांचा हिशेब मांडलाय, त्यातले फक्त 14 टक्के मूळ रूपात शिल्लक आहेत. भारतातला पहिला बोलपट, 1931 चा आलम आरा, आज बघायलाच मिळत नाही. तेव्हाची नायट्रेटची फिल्म पेटायची, सडायची, आणि एकदा थिएटरमधून उतरला की सिनेमा सांभाळून ठेवण्यात कोणाला पैसा दिसत नव्हता. उलट्या बाजूने इट्स अ वंडरफुल लाइफ हा 1946 चा सिनेमा बघा. आला तेव्हा खर्चही वसूल झाला नाही. 1974 मध्ये त्याचा कॉपीराइट रिन्यू करायचा राहून गेला, मग टीव्ही चॅनेलना तो जवळजवळ फुकटात दाखवता यायला लागला, त्यांनी दरवर्षी इतका दाखवला, इतका दाखवला की लोकांचा तो घरचाच होऊन गेला. कागदाची एक चूक! आपला कागज के फूल 1959 मध्ये आपटला होता, आज त्याचं नाव आदराने घेतात. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्या त्या काळच्या लोकांनीही त्यांच्या समोर आलेलं नवं सोनं ओळखलं नव्हतं. तुम्ही आज चिडून बंद केलेल्या पंधरा मिनिटांत असं काही नसेलच याची खात्री मला तरी देता येत नाही.

असो. तरीही तुमच्या सगळ्याच तक्रारी मनाचे खेळ आहेत असं मी म्हणणार नाही. काही बाबतीत तुम्ही अगदी बरोबर आहात आणि इतरांनी तुम्हाला म्हातारी वगैरे म्हणायच्या आधी आपले कान-डोळे तपासावेत.

"सगळं पळतं" हे खरं आहे. जेम्स कटिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी सिनेमांतल्या शॉटची लांबी मोजली, 1930 च्या सुमाराला एक शॉट सरासरी 12 सेकंदांचा होता, अलीकडे तो अडीच सेकंदांच्या आसपास आलाय. म्हणजे पूर्वी जेवढ्या वेळात तुम्ही एका माणसाचा चेहरा निवांत वाचायचात तेवढ्यात आता चार-पाच वेळा दृश्य बदलतं. ज्यांना चेहरा वाचायला आवडतो त्यांना दमायला होणारच. पण ही सरासरी आहे हे लक्षात ठेवा. आजही लांब, संथ शॉट घेणारे दिग्दर्शक भरपूर आहेत, फक्त होमपेजवर सगळ्यात वर त्यांचं काम दिसत नाही.

"ऐकू येत नाही" हेही खरं आहे, आणि याचं कारण तर बरंचसं तुमच्या टीव्हीत आहे. नव्या सिनेमांचा आवाज थिएटरमधल्या चहूबाजूंच्या स्पीकरसाठी जुळवलेला असतो, कुजबुज अगदी हळू आणि स्फोट अगदी मोठा. तो आपल्या सपाट टीव्हीच्या बारक्या स्पीकरमधून, जे बऱ्याचदा खाली नाहीतर मागे तोंड करून असतात, बाहेर येताना त्याचा लगदा होतो. जुने बरेच सिनेमे मोनो होते, सगळं एकाच वाटेने यायचं आणि संवादाला जागा करून दिलेली असायची. शिवाय माइक डोक्याच्या वर टांगलेला असायचा म्हणून नटांना स्पष्ट बोलावंच लागायचं, आता माइक सदऱ्याच्या आत लपवता येतो, त्यामुळे पुटपुटलं तरी रेकॉर्ड होतं, आणि पुटपुटणं म्हणजेच अस्सल अभिनय असं कोणीतरी यांच्या डोक्यात भरवलंय (हे माझं वैयक्तिक मत, पण ठाम आहे). तर सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा संवाद ठळक करणारा किंवा रात्रीचा मोड चालू करा, साधा बाहेरचा स्पीकर असेल तर लावा, आणि सबटायटल लावण्यात कमीपणा मानू नका.

अंधाराचं म्हणाल तर आधी टीव्हीचा वीज वाचवायचा मोड बंद करा, तो स्क्रीन अंधूक करतो, आणि तसले सिनेमे दिवसा खिडकी उघडी ठेवून बघू नका. अजून एक, बऱ्याच नवीन टीव्हींत हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग आधीच चालू असते, कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, टीव्ही त्यांच्या मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो आणि कोट्यवधी खर्चून केलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. टॉम क्रूझने 2018 मध्ये खास व्हिडिओ करून लोकांना ही सेटिंग बंद करा म्हणून विनवलं होतं. तुम्ही जुनं लॅपटॉपवर बघता आणि नवीन टीव्हीवर, म्हणजे तुलना दोन काळांची होतेय की दोन यंत्रांची, हे एकदा बघाच. मला वाटतं तुमची निम्मी चिडचिड इथेच निघेल.

बाकी राहिली ती आवड. जबरदस्ती करू का असं विचारलंय, तर नको. व्यायामासारखं रोज अर्धा तास नवीन बघायचं म्हटलं तर महिन्याभरात तुम्ही नव्याचा कायमचा राग राग कराल. त्यापेक्षा उशिरा बघा. म्हणजे यंदाचं यंदा बघायचंच नाही, पाच-सहा वर्षांपूर्वीचं बघायचं. तेवढ्या वेळात आरडाओरडा विरलेला असतो, लोक ज्याचं नाव अजून काढतात तेच उरलेलं असतं, चाळण थोडी तरी फिरलेली असते. आणि सिरीजपासून सुरुवात करू नका, सिनेमापासून करा, दोन तासांत काय ते कळतं. दहा तासांची सिरीज आणि वर "पाचव्या भागापासून छान आहे बघ" म्हणणारे मित्र, यांच्यापासून लांब राहिलेलंच बरं. सिरीजच हवी असेल तर प्रत्येक भागात गोष्ट संपणारी शोधा. तुमच्या जुन्या मालिकांमध्ये तुम्हाला तेच तर आवडतं ना, वीस-बावीस मिनिटांत सुरू होऊन संपते, झोपायला मोकळं. तशा आजही बनतात.

काय बघायचं ते रात्री सोफ्यावर बसून ठरवू नका. त्या वेळी माणूस दमलेला असतो, समोर शेकडो पोस्टर, ती सरकवता सरकवता अर्धा तास जातो आणि मग ओळखीच्या चित्रावर बोट आपोआप पडतं. दुपारी, डोकं ताजं असताना दोन-तीन नावं कुठेतरी लिहून ठेवा आणि रात्री त्यातलंच लावा. नावं शोधताना आपल्या लाडक्या सिनेमाच्या मागचा माणूस पकडा, लेखक, कॅमेरामन, एडिटर, तो नंतर काय करत होता, त्याच्या हाताखाली शिकलेले आज काय करतात. या वाटेने गेलात की जुन्यातून नव्यात कधी आलात ते कळतही नाही.

ऑफिसचं मी फार मनावर घेणार नाही. सगळ्यांनी बघितलेली सिरीज न बघितलेला माणूस गप्पांमध्ये खरं तर लोकांना हवाच असतो, "काय आहे त्यात, सांग ना" एवढं विचारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलायची वेळच येणार नाही. फक्त "मी असलं काही बघत नाही" हे वाक्य टाळा.

आणि हेच वाक्य घरीही टाळा. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट ती वाटली, दोन खोल्या. तो हौसेने काहीतरी निवडतो, तुम्ही पंधरा मिनिटांत "हल्ली काही चांगलं बनतच नाही" म्हणून उठता, तुम्ही सिनेमाबद्दल बोलत असता पण त्याला ते त्याच्या निवडीबद्दल ऐकू येतं. मग तो म्हातारी म्हणतो. दोघंही चेष्टेत बोलताय आणि दोघांनाही लागतंय असं मला वाटतंय. रोज एकत्र बघायची गरज नाही, वेगळ्या आवडी असणं हे काही संकट नाही, आठवड्यातून एक रात्र पुरे. त्या रात्रीसाठी वर सांगितलेली परीक्षाच वापरा, दोघांनीही न बघितलेला जुना सिनेमा. त्याला नवीन मिळेल, तुम्हाला तुमचा काळ मिळेल, आणि कोणालाच संवाद आधी म्हणून दाखवता येणार नाहीत. (संवाद आधी म्हणून दाखवता ना? मला शंका आहे.) पुढच्या आठवड्यात निवड त्याची, आणि तुम्ही शेवटपर्यंत बसायचं. सिनेमा वाईट निघाला तर संपल्यावर दोघं मिळून त्याची चिरफाड करा, त्यात वेगळीच मजा असते.

एक गोष्ट मात्र नीट बघा. फक्त सिनेमाच नाही तर नवी माणसं, नवं पुस्तक, नवी जागा, कशातच जीव रमत नसेल, झोप बिघडली असेल, आवडतं जुनं लावूनही काही वाटत नसेल, तर हा आवडीचा प्रश्न नाही, तेव्हा डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. तुमच्या पत्रावरून मला तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं तसं असू शकतं.

आता मुलाचं. तुम्ही त्याला सिनेमा दाखवत नव्हता, तुमचं अकरावं वर्ष दाखवत होता, आणि ते त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्याला कंटाळा आला यात तुमचा किंवा सिनेमाचा अपमान नाही. पुढच्या वेळी लांबलचक आणि भावुक काही निवडू नका, पडझड, पाठलाग, धांदल असलेले जुने विनोदी मूकपट लावा, त्यांतले बरेच छोटे असतात आणि त्यांना भाषाही लागत नाही. "हे बघ, हे किती छान आहे" अशी प्रस्तावना नको. त्याला बसायला बोलवूही नका, तुम्ही स्वतःसाठी लावा, तो येऊन डोकावला तर सरकून जागा द्या, मध्येच गेला तर जाऊ द्या. बदल्यात त्याचं जे काही चाललंय ते एकदा त्याच्या शेजारी बसून पूर्ण बघा, कितीही पळत असलं तरी. आणि तुमचा लाडका सीन आला की दर दोन मिनिटांनी त्याच्या चेहऱ्याकडे वळून बघू नका, मुलांना ते लगेच कळतं.